तुम्ही सामना सोडला आहे

तिसऱ्यांदा पडदा काळा झाला तेव्हा पूर्णिमाच्या तोंडून एक अशी शिवी गेली, की ती आपल्याला येते हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. सोमवार होता, दुपारचे पावणेपाच. खाली सोसायटीत पाण्याचा टँकर लागला होता, ओट्यावर भिजवलेली कणीक झाकून ठेवली होती, आणि आतल्या खोलीत सासूबाई नव्या स्पीकरवर कीर्तन लावून बसल्या होत्या. क्षणापूर्वी पडद्यावर एक पूल होता. पुलाच्या तोंडाशी ती उभी होती, समोरून तिघं धावून येत होते आणि मागे तिचे चार साथीदार तिच्या भरवशावर किल्ल्यात शिरत होते. मग टप्प करून अंधार. कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा थांबला, आणि दोन श्वासांनी ते यंत्र आपल्या आपण पुन्हा सुरू झालं, कीर्तनात डुलकी लागलेला माणूस दचकून टाळी वाजवायला लागतो तसं. ती घाईघाईने खेळात परत शिरायला गेली तर खेळाने तिला दारातच अडवलं. इंग्रजीत चार ओळी होत्या. तिचं इंग्रजी म्हणजे मुलीच्या शाळेच्या पुस्तकांतून आणि शिवणयंत्राच्या माहितीपत्रकांतून वेचून जमवलेलं, पण या ओळी तिला पहिल्या वाचनात कळल्या. तुम्ही सामना सोडला आहे. आपण वारंवार सामने अर्ध्यावर सोडता असं आढळल्यामुळे पुढचे पाच दिवस आपल्याला सामने खेळता येणार नाहीत. आपल्या साथीदारांचा विचार करावा.

सोडला आहे. ती त्या शब्दांकडे बघत बसली. कुणी चोर म्हटलं असतं तर तिला हसू आलं असतं. खोटारडी म्हटलं असतं तर तिने थोडा विचार केला असता. पण सोडणारी? सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा अकरा महिने ती जमिनीवर चटई टाकून त्यांच्या पलंगाला लागून झोपली होती. तिच्या नवऱ्याचा, रविराजचा, टेम्पोचा धंदा बसला, मग सिमेंटचं दुकान बसलं, दर खेपेला तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि ही ब्लाउजं शिवायची. धायरीतलं त्यांचं ज्वारीचं रान इमारतीखाली गेलं आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहायला आले, तेव्हा दिरांची भांडणं, वाटण्या, शिव्याशाप, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं आणि ती चहाचे कप उचलत राहिली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदाच ती पिशवी भरून फाट्यापर्यंत गेली होती. बस लांबून येताना दिसली, आणि गॅसवर दूध ठेवून आलोय की काय ते आठवेना, म्हणून परत फिरली. दूध ठेवलेलं नव्हतं. पिशवी उलगडून तिने साड्या होत्या तशा कपाटात लावल्या, कुणाला कळलंसुद्धा नाही. असली बाई, आणि तिला कुठल्या तरी देशातलं एक यंत्र पाठीत बोट खुपसून सांगत होतं, की बाई, तुम्ही मधेच उठून जाता.

फोनवर लगेच शेफालीचा निरोप आला. शेफाली म्हणजे तिच्या टीमची कप्तान. हडपसरला कुठल्याशा कंपनीत नोकरीला असलेली सव्वीस वर्षांची मुलगी, बोलणं सपासप, कात्रीसारखं. टीमचं नाव 'पेठेबाहेरचे', कारण पाचांतला एकही जण पेठेत राहत नव्हता, आणि तेवढ्याच गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. यांतल्या कुणाला पूर्णिमाने पाहिलं नव्हतं, त्यांनी तिचा आवाजही ऐकला नव्हता. ते हेडफोन लावून एकमेकांशी बोलायचे, ही ऐकायची आणि उत्तरं टाइप करायची. माझा माइक बिघडलाय असं तिने तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि तेव्हापासून तो बिघडलेलाच होता. त्यांना ती फक्त 'घोरपड' म्हणून माहीत होती. खेळात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा खिडकीतून सिंहगड दिसत होता, तेवढ्यावरून सुचलेलं नाव. पण ते तिला चपखल बसलं. बाकीचे पळायचे, उड्या मारायचे, मारामाऱ्या करायचे. घोरपडीचं काम एकच, दिलेली जागा धरायची आणि मरेस्तोवर धरून ठेवायची. चिकटली की सुटत नाही, असं ती मुलं म्हणायची, आणि पूर्णिमा इकडे कढईत पळी फिरवता फिरवता एकटीच हसायची. आता शेफालीने लिहिलं होतं, 'घोरपड, हे तिसऱ्यांदा झालं. रविवारी पाचला स्पर्धेची पहिली फेरी आहे. जमणार नसेल तर तसं सांग, मधेच पळू नकोस.'

पळू नकोस. तिने फोन पालथा ठेवला आणि कणीक अशी तिंबली, की त्या दिवशीच्या पोळ्या रविराजला फार मऊ लागल्या, आणि तसं तो म्हणालासुद्धा.

खरं तर हे सगळं सुरू झालं ते चांगलं करायला गेल्यामुळे. कॉम्प्युटर मैत्रीचा, मुलीचा. ती इंजिनिअरिंगला असताना घेतलेला. लॉकडाउनमध्ये मायलेकींना एकमेकींची तोंडं बघून कंटाळा आला तेव्हा मैत्रीने आईला गंमत म्हणून खेळायला बसवलं. पुढे मैत्री नोकरीला बेंगळुरूला गेली, यंत्र इथेच राहिलं, आणि साडेतीन ते पाच हा दीड तास पूर्णिमाचा झाला. घरात त्या वेळेला नाव नव्हतं. ती शिवत असली की ती 'कामात' असायची, इथे बसली की 'रिकामी' असायची. गेल्या वर्षापासून खेळातली चित्रं यंत्राला झेपेनाशी झाली, पुलावरचे शत्रू अडखळत, तुकड्यातुकड्यांनी यायला लागले. तिने चार महिने वाचून, विचारून, वहीत लिहून यादी केली. नवं ग्राफिक कार्ड. त्याला जास्त वीज लागते म्हणून नवा पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या सगळ्या अवयवांना वीज वाटणारी ती पत्र्याची पेटी. मेमरीची आणखी एक पट्टी. यादी घेऊन ती सिंहगड रस्त्यावरच्या एका दुकानात गेली तेव्हा दुकानदाराने यादीकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघून विचारलं होतं, मुलासाठी का? ती म्हणाली, माझ्यासाठी. त्यावर तो म्हणाला, हो का, छान, आणि पुढचं सगळं तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीशी बोलला. पैसे देऊन यंत्र ती तिथेच ठेवून आली, दोन दिवसांनी रविराज ते सगळं बसवून घरी घेऊन आला, आणि तेव्हापासून ते मधेच बंद पडायला लागलं.

बंदीच्या पहिल्या दिवसापासून ती दोष शोधायला बसली. सामने बंद होते, पण सरावाच्या मैदानात एकटीने खेळायला मनाई नव्हती. शिवणयंत्र बिघडलं की कसं हुडकायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच शोधलं होतं. दोरा तुटत असेल तर आधी सुई बदल, शिवून बघ. मग ताण सैल कर, शिवून बघ. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, नाहीतर अपराधी कोण ते कळत नाही आणि दोष मात्र दोघांना लागतो. तशीच ती इथे एकेक पायरी उतरली. मैत्रीने फोनवर सांगितल्याप्रमाणे कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं. यंत्र पडलं. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे पिवळे दात खोडरबराने घासले, एकेक लावून पाहिली. पडलं. कॉम्प्युटरची कूस उघडी करून समोर टेबलफॅन लावला, आतली उष्णता आकड्यांत मोजली, ती तर तिच्या स्वयंपाकघरापेक्षा कमी होती. तरी पडलं. मग तिला एवढं दिसलं, की चित्रं साधी ठेवली तर यंत्र तासभर टिकतं, आणि पूर्ण तपशिलात ठेवून गर्दी झाली, आग, धूर, धावणारी माणसं आली, की सतरा-अठरा मिनिटांत मान टाकतं. वाचलेल्या पानांवर दहातले आठ जण एकच सांगत होते. वीज कमी पडतेय, पॉवर सप्लाय बदला. आणि प्रत्येक वेळी पूर्णिमा ती ओळ ओलांडून पुढे जायची, कारण पॉवर सप्लाय नवाच होता. तिने स्वतः यादीत लिहिला होता, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. म्हणून संशय कार्डावर गेला, मग सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर, मग वायरमनवर, आणि बुधवारी संध्याकाळी थेट स्वतःच्या बोटांवर. आपणच कुठली कळ चुकीची दाबत असू. आपलं वयच ते नाही. रविराज बातम्या बघता बघता म्हणाला, की गेमच हाय ना, नाय चालला तर नाय चालला, यंत्राला पण दमायला होत असंल, तू जरा कमी बस. तो हे मायेने म्हणाला. त्याचं सगळं मायेचंच असायचं, हीच अडचण होती. रागावलेल्या माणसाला धरायला कुठे कडाच मिळायची नाही.

आणि राग तर कुठेतरी न्यायला हवा होता. तो तिच्या खांद्यांत साठला, दातांत साठला. गुरुवारी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही तिने उलटी जोडली, उसवली, परत उलटी जोडली. यंत्राच्या पायट्यावर पाय होता आणि डोळ्यांसमोर सासवडचं मैदान. फेब्रुवारीचं ऊन, चुन्याच्या रेघा, दोन खांब. जिल्ह्याच्या खो-खोची अंतिम फेरी. ती अकरावीत, भोरच्या शाळेची. पहिल्या डावात ती साडेतीन मिनिटं पळाली होती. त्या मैदानावर पळणं हा शब्द शिवी नव्हता. बसलेल्या आठ जणींच्या भिंतीतून वळत, हूल देत, खांबाला वळसा घालत पळायचं, आणि जितकं पळाल तितकं लोक उभे राहून टाळ्या वाजवणार. दुसरा डाव सुरू व्हायचा होता. कप्तान भाग्यश्री तिच्या कानाशी सांगत होती, की तू शेवटच्या तुकडीत ये, तोवर त्या दमलेल्या असतील. तेवढ्यात रेघेच्या पलीकडे बापूकाका दिसले. बापूराव, वडिलांचे धाकटे भाऊ, लुना स्टँडला लावून हाताने ये, ये करत होते. तिला वाटलं, आजीचं काही झालं. ती धावत गेली. काकांनी मनगट धरलं आणि म्हणाले, चल, पाहुणे आलेत बघायला, तोंड धुऊन घे नळावर. ती म्हणाली, एक डाव, काका, वीस मिनिटं. ते म्हणाले, लोकं ताटकळत बसलीत. मनगट काही सुटलं नाही. लुनावर मागे बसून तिने वळून पाहिलं तेव्हा भाग्यश्री रेघेवर उभी राहून तिला शोधत होती, कपाळावर आडवा हात धरून, भलत्याच दिशेला. शाळा दोन गुणांनी हरली. सोमवारी वर्गात भाग्यश्री एवढंच म्हणाली, 'सांगून तरी जायचंस.' आणि पूर्णिमाला, ती सतरा वर्षांची पोर, पाहुणे आले होते हे सांगायची इतकी लाज वाटली, की ती गप्प बसली. त्या पाहुण्यांनी पुढे नकार कळवला. मुलगी उन्हाने रापलेली आहे म्हणाले.

बत्तीस वर्षं झाली. त्या काकांवर ती कधी रागावल्याचं तिला आठवेना. त्यांच्या शेवटच्या आजारपणात ती डबा घेऊन जायची. आता पायट्यावरचा पाय थांबला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण बाहीचा कपडा दोन्ही मुठींत धरून ताणतोय आणि त्याची वीण उकलायला लागली आहे. कपडा गिऱ्हाइकाचा होता. तिने तो खाली ठेवला.

शुक्रवारी दुपारी, दुसरं काही उरलं नाही म्हणून, ती यंत्राची धूळ काढायला बसली. कूस उघडली, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन थेट खालच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे पॉवर सप्लायच्या पेटीतून निघालेला वायरांचा जुडगा होता आणि त्याला एक नाडी बांधलेली होती. परकराची, पांढरी, आता काळपट झालेली. गाठ तिचीच होती. सरकगाठीवर अर्धी गाठ, ती तशीच बांधते. लॉकडाउनमध्ये एक वायर पंख्याला घासून आवाज करत होती तेव्हा मैत्री म्हणाली, आई, बांधायला काहीतरी दे, आणि हिने हाताशी होती ती नाडी दिली, मग स्वतःच बांधली. पूर्णिमा किती वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. नव्या पेटीला तिची जुनी नाडी कशी असेल?

तिने दुकानात फोन लावला. दुकानदार जराही गडबडला नाही. त्याला सगळं आठवत होतं, उलट त्याचा आवाज आपण काळजी घेतल्याचा होता. 'मॅडम, जुन्या बिलावर साहेबांचा नंबर होता, त्यांना फोन केला होता मी. ते म्हणाले, जुना चालतोय तर राहू द्या. घरच्यांना विचारूनच करतो मी, नंतर वाद नको.' आणि तेवढ्या रकमेत साहेबांनी आईंसाठी ब्लूटूथचा स्पीकर नेला, असंही त्याने आपण होऊन सांगितलं.

आतल्या खोलीत कीर्तन रंगात आलं होतं. गेले तीन आठवडे, रोज दुपारी, तिच्याच पॉवर सप्लायवर. दुकानदाराने फुकट दिला, असं रविराज तेव्हा म्हणाला होता, आणि तिने सासूबाईंना तो लावायला शिकवला होता, तीन-तीनदा, न कंटाळता. ती उठून त्या खोलीच्या दारात गेली. सासूबाई, सोजरबाई, डोळे मिटून मांडीवर ताल धरत होत्या. स्पीकर उचलून खिडकीबाहेर टाकावा, टँकरच्या चाकाखाली जाईल असा नेमका टाकावा, हे तिच्या मनात इतकं स्वच्छ आलं, की तिला त्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. सोजरबाईंनी डोळे उघडून विचारलं, काय गं, आवाज मोठा हाय का? ती म्हणाली, नाही, असू दे.

रविराजला तिने संध्याकाळी विचारलं. त्याला आधी आठवेचना. मग आठवलं, आणि आठवल्यावरही त्यात सांगण्यासारखं काय ते त्याला दिसेना. दुकानदाराचा फोन आला तेव्हा तो बाणेरला कुणाच्या तरी साखरपुड्यात होता. चालती वस्तू टाकून नवी कशाला घ्यायची, घरात कधी घेतली आपण? आणि आई किती दिवस स्पीकर मागत होती. मला विचारायचं, असं ती म्हणाली. तो म्हणाला, 'अगं, तू कामात असशील म्हणून नाय विचारलं.' तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. बापूकाकांच्या तोंडावरही नव्हता. लुनावर बसताना त्यांनी तिला स्वतःचा रुमाल दिला होता, डोक्याला बांध, ऊन लागेल म्हणून. भांडायला लागलं तर हा माणूस अर्ध्या तासात चूक झाली म्हणेल, उद्या चितळ्यांकडची बाकरवडी आणेल, आणि परवा परत कुणाचा तरी फोन घेईल. ती भांडली नाही. तिच्या न भांडण्याने तो निवांत झाला आणि जेवायला बसला.

शनिवारी ती एकटी दुसऱ्या दुकानात गेली, पेटी विकत घेतली, रिक्षाने मांडीवर घेऊन आली आणि वर्तमानपत्र अंथरून स्वतः बसवली. नाडी कापली नाही, गाठ नखांनी सोडवली. सगळ्यात गर्दीच्या मैदानात, सगळ्यात भारी चित्रांवर, तिने यंत्राला दोन तास पळवलं. सतरावं मिनिट गेलं. चाळिसावं गेलं. ते नुसतं घुमत राहिलं. तिने टीमच्या ग्रुपवर लिहिलं, बिघाड पॉवर सप्लायचा होता, सापडला, काढला, उद्या मी आहे.  मग शेफालीचं आलं. 'दर वेळी काहीतरी असतंच ना. तेजसला घेतलंय तुझ्या जागी. सॉरी.'

म्हणजे बिघाड यंत्रातून निघाला आणि तिच्या नावात राहिला. खरं काय होतं, ते कुणी तरी येऊन सांगायला हवं होतं, आणि साक्षीदार घरातच होता. रविवारी चारला तिने रविराजला झोपेतून उठवलं, खुर्चीवर बसवलं, त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि माइक तोंडासमोर वाकवून दिला. तो हसायला लागला. मग तिचा चेहरा बघून थांबला. काय बोलू? काय झालं ते सांगा. कोण हायत ही? माझी माणसं आहेत.

त्याने घसा खाकरला. नमस्कार म्हणाला, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गाव धायरी म्हणाला.  शेफालीने विचारलं, काका, तुम्ही कोण? तो म्हणाला, मी घोरपडीचा मिस्टर. कुणीतरी फुटून हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. मग रविराज म्हणाला, की विजेचा जरा प्रॉब्लेम झाला होता आपल्याकडे, आणि पूर्णिमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात तिने हलकाच ठेवला होता. तो थांबला. कपाळ पुसलं. 'नाय,' तो म्हणाला, 'विजेचं काय नव्हतं. तिनं नवीन वस्तू सांगितली होती, मी दुकानदाराला परस्पर नको म्हणलो. तिला म्हाईतच नव्हतं. यंत्र त्याच्यामुळं बंद पडायचं. ती काय पळाली बिळाली नाय. ती पळणारी नाय.' हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने अशी कबुली कुणाला दिली नसेल, भावांना तर नाहीच. पूर्णिमाला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

पलीकडून शेफाली बोलत होती. हेडफोनमधून नुसती चिरचिर बाहेर येत होती. रविराज ऐकत मान डोलवत होता. मग वळून हिला म्हणाला, की पोरगी चांगली हाय, म्हणतीय तेजसला शब्द दिलाय, तर राखीव म्हणून बसशील का. आणि हिचं तोंड उघडायच्या आत तो परत माइकमध्ये वाकला. 'हो हो, बसंल की, तिचं काय नाय, ती...'

तिने हेडफोन ओढून काढला. त्याच्याबरोबर चष्माही आला आणि त्याच्याच मांडीवर पडला. तिने हेडफोन स्वतःच्या कानांना लावला, त्याच्या घामाने ओला झालेला, आणि तीन वर्षं जिथे ऐकत आली होती तिथे पहिल्यांदा बोलली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा जाड निघाला. 'घोरपड बोलतेय. माइक बिघडलेला नव्हता. मी राखीव बसणार नाही. अजून पाऊण तास आहे. आत्ता एक डाव लावा, तेजसला समोरच्या बाजूला घाला, पूल मी धरते. त्याने मला हलवलं तर जागा त्याची.'

 मग तेजसचा असावा असा एक आवाज म्हणाला, 'काकू, सांभाळून हां.'

'काकू तुझी आई असेल कुणाची तरी,' ती म्हणाली. 'डाव लाव.'

शेफाली हसली. पूर्णिमाने तिला इतक्या वर्षांत असं हसताना ऐकलं नव्हतं. 'लावते,' ती म्हणाली. पडदा भरून आला. पाणी, पूल, धूर. रविराज खुर्चीवरून उठला होता, पण गेला नव्हता. चष्मा सदऱ्याला पुसून त्याने डोळ्यांवर लावला आणि तिच्या खांद्याशी वाकून पडद्याकडे बघू लागला. तिकडे एकदम गर्दी उसळली. डावीकडून दोघं, वरून एक, आगीचे लोळ, पळापळ. तिची बोटं कळांवर चालली होती आणि दात अजून आवळलेले होते. 

'यात तू कुठली?' त्याने विचारलं.

'ती हलत नाहीये ना,' पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, 'ती.'